कास्ट आयर्न बुलेटवर हात बसवताना

रॉयल एनफिल्डची जुनी, ओतीव लोखंडी सिलिंडरची (कास्ट आयर्न) बुलेट ३५० पळवायची गाडी नाही, हे मान्य असेल तरच पुढे वाचा. ७० मि.मी. बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मि.मी. स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास), ३४६ सीसी, कॉम्प्रेशन साडेसहाला एक आणि कंपनीच्या कागदावर ५६२५ आरपीएमला १८ एचपी. एवढ्या लांब स्ट्रोकमुळे त्या आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास १७ मीटर होतो. मूळ आराखडा कोणत्या काळातला आहे हे लक्षात घेतलं तर हा वेग भरपूर झाला. "हिचं पिकअप आजच्या गाडीसारखं करून द्या" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजा आणि प्रेमाने परत पाठवा.

मग या इंजिनात सुधारायचं काय? आम्हा कोल्हापूरकरांची कसोटी सोपी आहे. वैभववाडीकडून करूळ घाट चढायचा, डबलसीट, भर उन्हात. तिसऱ्या गिअरवर इंजिन ठोका देता कामा नये, वळणावर चौथ्यातून तिसऱ्यात आल्यावर गचका नको आणि गगनबावड्याला थांबल्यावर आयडलिंग शांत हवं. ही कसोटी पार करणारं इंजिन सरळ रस्त्यावरही छानच चालतं. उलटं मात्र होत नाही. हायवेला ऐंशी-नव्वदने जाणाऱ्या कितीतरी 'तयार' बुलेटी घाटात मान टाकताना पाहिल्यात.

आयटीआय झालेली किंवा घरच्या बुलेटवर शिकणारी पोरं आली की पहिला प्रश्न कार्बोरेटरचा असतो. ३५० ला मूळचा २४ मि.मी.चा मिककार्ब, मग त्याजागी बुलेट ५०० चा २८ बसवला तर? बसतो की, पण खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे नीट बारीक कण होत नाहीत, आणि घाटात नेमकी जिथे ताकद हवी तिथेच गाडी गुदमरते. २४ चाच नीट जुळवा. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक: पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट, एवढा हिशेब पाठ असला की बहुतेक दुखणी हाताला लागतात. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुनं जेटिंग थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतं, म्हणून मेन जेट एक नंबर वाढवून प्लगचा रंग बघा. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदला, इथेनॉलने ते फुगतात आणि चिरतात.

पण कार्बोरेटर हे नंतरचं काम आहे. आधी गाडी कंपनीतून निघाली तेव्हा होती तशी झाली पाहिजे. हे कुणालाच ऐकायचं नसतं. मलाही नव्हतं. पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेच्या) ०.८ मि.मी. आधी, ऑटो अॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं) पूर्ण मागे असताना. पॉइंट नेमका कधी उघडतो हे बघायला सिगारेटचा पातळ कागद मध्ये धरायचा. तो सुटला की पॉइंट उघडला. अॅडव्हान्सच्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर टायमिंग लवकर पुढे पळतं आणि चढावर किणकिण सुरू होते. मग लोक पेट्रोलला शिव्या देतात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला: पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत हालचाल नेणारी दांडी) बोटाने सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आणि ब्रेक! पुढचा ड्रम गोल नसेल, लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले असतील, तर आधी ते काम. ज्या गाडीला थांबता येत नाही तिच्या इंजिनाला हात लावणारा मेकॅनिक मला मेकॅनिक वाटत नाही.

हे सगळं केल्यावर निम्म्या गाड्या इतक्या बदलतात की मालक म्हणतो, बास झालं. घ्या पैसे आणि गप्प बसा.

उरलेल्या निम्म्यांसाठी हेड. इनलेट पोर्ट मोठा करायचा नाही. ओतकामातल्या पायऱ्या, गॅस्केट आणि मॅनिफोल्ड जिथे जुळत नाहीत तिथली कडा, व्हॉल्व्ह सीटखालचा उंचवटा, एवढंच हलक्या हाताने काढायचं. आरशासारखं पॉलिश एक्झॉस्टला केलंत तर चालेल, इनलेटला त्याचा काही उपयोग नाही. व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असतील तर सीट कितीही घासा, वाया. कॉम्प्रेशन थोडं वाढवायला वाव आहे, कारण आजचं पेट्रोल या इंजिनाच्या लहानपणीच्या पेट्रोलपेक्षा बरंच चांगलं आहे. पण 'थोडं' हा शब्द विसरू नका. गिअरबॉक्स स्प्रॉकेटचा एक दात वाढवला की सपाटीवर इंजिन निवांत होतं आणि घाटात रडतं, तेव्हा गाडी कुठे चालणार हे मालकाला आधी विचारा. पाचशेचा बोअर ८४ वरून ८७ करून ५३५ सीसी करतात, ते वेगळं प्रकरण आहे. ३५० वाल्यांनी त्या नादी लागू नये.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. यात मी सापडलो होतो, आणि आजही टायमिंग कव्हर, म्हणजे टायमिंग गिअरवरचं झाकण, लावताना पोटात गोळा येतो.

टायमिंग कव्हरच्या आतल्या बाजूला, क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकासमोर, कॉर्कचं एक छोटं सील बसतं. क्रँकच्या त्या टोकावर उलट्या आट्याचा वर्म नट असतो, तोच ऑइल पंपाची दांडी फिरवतो. त्या नटाचं तोंड या कॉर्कवर टेकून फिरतं. पंपाने दाबलेलं तेल फिल्टरमधून येतं, या कॉर्कच्या भोकातून क्रँकच्या पोकळ टोकात शिरतं आणि फ्लायव्हीलमधल्या वाटेने बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या खालच्या सांध्याला, पोहोचतं. कव्हर जागेवर, क्रँक फिरता. दोघांमधला तेलाचा सांधा म्हणजे हा कॉर्क. बिग एंडला तेल जायला दुसरी वाट नाही.

कॉर्क सुकून बसला, कडा तुटली, किंवा कव्हर काढ-घाल करताना तो वर्म नटाला चिकटून बाहेर आला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर तेल क्रँकमध्ये न शिरता बाजूने टायमिंग केसमध्ये सांडतं. तिथून इंजिनाच्या तळाच्या सम्पमध्ये, सम्पमधून रिटर्न पंपाने परत टाकीत. बाहेर एक थेंब गळत नाही. धूर नाही. पातळी कमी होत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेडवर जाणाऱ्या पाइपचा बँजो बोल्ट सैल करून बघितलं तर तेल येताना दिसतं! "तेल वर येतंय, म्हणजे सगळीकडे जातंय" असं आपल्याला शिकवलेलं असतं. वर येतंय याचा अर्थ फक्त वर येतंय. खाली बिग एंडचा बुश कोरडा चाललेला असू शकतो.

जुन्या बुलेटींना तिथे फ्लोटिंग बुश (तेलावर मोकळं फिरणारं धातूचं कडं) असतो, रोलर नाही. रोलर थोडी उपासमार सोसतो, बुश सोसत नाही. त्याला सतत तेलाचा पापुद्रा लागतो. माझ्या हातची गाडी हाफ इंजिन (क्रँक न उघडता फक्त वरचं काम) करून, हेड साफ करून, टायमिंग जुळवून अशी मस्त झाली होती की मालकाने पेढे आणले. टायमिंग गिअर बघायला कव्हर काढलं होतं आणि जुनाच कॉर्क परत गेला होता. आता खेळ बघा: इंजिनात ताकद वाढली म्हणजे बिग एंडवरचा भार वाढला. कमजोर इंजिन त्याच कॉर्कवर कदाचित आणखी वर्षभर रेटलं असतं, चांगल्या केलेल्या इंजिनाने मुदत कमी केली. चढावर खालून जड ठोका सुरू झाला, मी तो टायमिंगचा समजून टायमिंग मागे घेत राहिलो, आणि शेवटी क्रँक ओपन.

आवाजातला फरक इथेच समजून घ्या. टायमिंग पुढे असल्याची किणकिण पातळ असते, खालच्या आरपीएमला भार दिल्यावर येते आणि थ्रॉटल सोडला की लगेच जाते. पिस्टनचा आवाज थंड इंजिनला जास्त, गरम झाल्यावर कमी. बिग एंडचा ठोका जड, खोलातून येणारा. इंजिन गरम होऊन तेल पातळ झालं की तो वाढतो, आणि थ्रॉटल उघड-बंद करताना जास्त जाणवतो. हा ऐकू आला की गाडी जागेवर बंद करायची आणि टेम्पोत घालून आणायची. "हळूहळू घरापर्यंत नेतो" म्हणू नका.

करायचं काय? कव्हर काढलं की कॉर्क नवा, दर वेळी. चिल्लर पैशांत मिळतो, दोन-चार जास्तीचे डब्यात ठेवा. बसवण्याआधी तेलात भिजत घाला, कोरडा कॉर्क पहिल्या किकलाच कडेने फाटू शकतो. गॅस्केट लावून कव्हर नुसतं हाताने बसवलं तर ते पूर्ण टेकता कामा नये, कॉर्क आधी लागून किंचित फट राहिली पाहिजे आणि ती स्क्रू आवळल्यावर मिटली पाहिजे. फट राहतच नसेल तर कॉर्क दाबलाच जात नाही. सिलिकॉन तेलाच्या भोकांजवळ बिलकुल नको. आत गेलेला सिलिकॉनचा किडा तेलाची वाट बुजवतो, मग कॉर्क नवा असून उपयोग नाही. फिल्टर बदलला की त्याची पोकळी रिकामी असते, ती भरेपर्यंत बिग एंडला तेल मिळत नाही. म्हणून पोकळीत हाताने तेल भरा, प्लग काढा आणि भार न देता भरपूर किका मारा, मगच स्टार्ट. आणि बरेच दिवस उभ्या गाडीचं तेल टाकीतून सम्पमध्ये उतरतं, पातळी खोटी कमी दिसते. थोडी चालवून मग मोजा, नाहीतर उगाच जास्त ओताल.

एवढं वाचून हात आखडला असेल तर घाबरू नका. हे इंजिन माफ करणारं आहे. हत्यारं कमी लागतात, सगळं डोळ्यांना दिसतं, आणि एकदा तेलाची वाट कागदावर स्वतः काढलीत की पुन्हा विसरत नाही. कंपनीच्या मॅन्युअलमधलं चित्र बघून नाही, समोर कव्हर उघडं ठेवून काढा.

वस्ताद कसा निवडावा यावर माझं मत थोडं कडक आहे. कानाने टायमिंग लावणारा वस्ताद बघायला भारी वाटतो, पण त्याच्याकडे शिकता येत नाही, कारण त्याचा कान तुम्हाला मिळत नाही. मायक्रोमीटर वापरणारा, सुटे भाग रॉकेलने धुवायला लावणारा, आणि प्रत्येक वॉशर कुठून निघाला हे विचारणारा माणूस शोधा. तो सुरुवातीला महिनोन्‌महिने धुणंच करायला लावेल. करा. इंजिन कुठे झिजतं हे धुतानाच कळतं. व्हिडिओ बघून शिकायला माझी हरकत नाही, पण व्हिडिओवाल्याची गाडी सहा महिन्यांनी कशी आहे हे तो दाखवत नाही. लेथवाल्याशी मात्र आयुष्यभराची मैत्री करा. आमच्या उद्यमनगरात बोअरिंग करणारे आणि क्रँक प्रेस करून सेंटरवर डायल लावून सरळ करणारे जुने हात आहेत, त्यांच्या दारात बसून मी जे शिकलो ते वर्गात शिकलो नाही. पुण्यात असाल तर सुट्या भागांसाठी नाना पेठ आहेच, पण ओरिजिनल म्हणून दिलेला पिस्टन मोजल्याशिवाय बोअर करायला देऊ नका. आधी पिस्टन हातात, मग बोअर. उलट्या क्रमाने काम करणारे अजून आहेत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलात बदल होईल असं काम परवानगीशिवाय चालत नाही. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली घातल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील, तेव्हा फटफट आवाजाच्या सायलेन्सरचं काम मी घेत नाही. त्याने ताकदही वाढत नाही, जेटिंग मात्र बिघडतं. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण ती मूळ रूपात असायला हवी, मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. सत्तरच्या दशकातली बुलेट आली तर मालकाला हे आधी सांगा. कार्बोरेटर, पॉइंट, व्हॉल्व्ह, तेल एवढंच काम करा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून त्याच्या हातात द्या.

पैशांचं बोलणं काम सुरू करण्याआधी, तेही दोन आकड्यांत: क्रँक चांगला निघाला तर इतके, वाईट निघाला तर इतके. इंजिन उघडल्यावर दुसरा आकडा सांगायला गेलात तर तुम्ही चोर ठरता, मग तुम्ही कितीही खरे असा. काम झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाडी सपाटीवर, मध्यम थ्रॉटलवर, डबलसीट न नेता चालवायला सांगा, त्यानंतर तेल बदला, टॅपेट पुन्हा बघा, हेडचे नट पुन्हा आवळा. करूळ घाट त्यानंतर.