दोन दिवसांच्या मुंबईभेटीत फोटोच्या जागा कशा हेराव्यात

मुंबईत फोटो काढायला आलेला पाहुणा बहुधा भर दुपारी बाराला गेटवेला पोहोचतो आणि पांढुरक्या आभाळाखालची काळवंडलेली कमान घेऊन परततो. जागा चांगलीच असते, वेळ चुकलेली असते. म्हणून यादी करायला बसलात की प्रत्येक जागेपुढे सर्वांत आधी तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा. पूर्वाभिमुख इमारत सकाळी, पश्चिमाभिमुख चारनंतर. एवढ्यावर निम्मं वेळापत्रक आपोआप लागतं.

हे काम घरीच होतं. गूगल मॅपच्या सॅटेलाइट दृश्यात इमारत आणि समोरची मोकळी जागा बघा: मागे सरकायला किती वाव आहे, मध्ये झाडं किती, बसथांबा कुठे. मग त्या ठिकाणाचे अलीकडचे फोटो उघडा. जुने फोटो बघून आलात आणि इमारतीला दुरुस्तीची परांची बांधलेली असली, तर सकाळ वाया गेली. सूर्य कधी आणि कुठल्या दिशेला असेल ते बघायला फोटोपिल्ससारखं ॲप घ्या. मुंबईत जूनमधला सूर्यास्त पश्चिमेच्या साधारण २५ अंश उत्तरेला होतो आणि डिसेंबरमधला तितकाच दक्षिणेला. वर्षभरात ५० अंशांचा फरक पडतो, त्यामुळे दुसऱ्याने मे महिन्यात काढलेली फ्रेम तुम्हाला जानेवारीत मिळेलच असं नाही.

एकच जागा बघायला वेळ असेल तर ओव्हल मैदान बघा. २०१८ साली जागतिक वारसा यादीत आलेला मुंबईचा भाग याच मैदानाच्या दोन्ही बाजूंना आहे. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशा एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक (टोकदार कमानींच्या) इमारती, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको (सुबक गोलाई आणि ठळक रेषांच्या) इमारतींची रांग. दोन्ही रांगा मैदानाकडे तोंड करून उभ्या आहेत. सकाळचं ऊन आर्ट डेकोवर पडतं, संध्याकाळचं गॉथिकवर. एकाच दिवशी दोनदा यायचं, उलट्या दिशांना तोंड करून.

सकाळी आठला आर्ट डेकोच्या खिडक्यांवरच्या छज्ज्यांची सावली अरुंद पट्टीसारखी असते. दहापर्यंत ती खाली उतरून खिडकीचा बराच भाग झाकते आणि गोलाकार बाल्कन्यांचा उठाव जातो. त्यामुळे साडेसात ते नऊ ही वेळ धरा. खालच्या मजल्यांपुढे झाडं आणि उभ्या गाड्या येतात. ७० ते १०० मिमीच्या, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने वरचे मजले, जिना आणि इमारतीच्या नावाची अक्षरं वेगळी काढा.

राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. जवळ जाऊन कॅमेरा वर केला की टॉवर मागे कलल्यासारखा दिसतो. फोन उभा आणि अगदी सरळ धरून साध्या लेन्सने (साधारण २६ मिमी) तो पूर्ण मावायला सव्वाशे मीटर तरी मागे यावं लागतं. म्हणून मैदानाच्या पश्चिम कडेकडे जा. फ्रेमच्या खालच्या अर्ध्यात मैदानच येईल, तिथे क्रिकेट चालू असलं तर उत्तमच. खेळपट्टी मात्र ओलांडू नका.

सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह सगळेच सांगतात, पण टोक कुठलं ते सांगत नाहीत. गिरगाव चौपाटीवर उभे राहिलात तर सूर्य मलबार हिलच्या आड जातो. सूर्य समुद्रात बुडताना हवा असेल तर नरिमन पॉइंटच्या टोकाला जा. सूर्यास्त जूनमध्ये सव्वासातच्या सुमाराला, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. त्यानंतर लगेच उठू नका. निळसर उजेड आणि रस्त्याचे दिवे यांचा मेळ सूर्यास्तानंतर साधारण दहा ते पंचवीस मिनिटांच्या दरम्यान बसतो. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश युरोपातल्यासारखा रेंगाळत नाही. या पंधरा मिनिटांत दुसऱ्या जागी जायचा मोह टाळा.

पावसाळ्यात येणार असाल तर भरतीची वेळ आधी बघून ठेवा. साडेचार मीटरच्या वर भरती असली की मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाटा उसळतात. फोटो रस्त्यापलीकडच्या पदपथावरून घ्या. कठड्यावर किंवा खालच्या काँक्रीटच्या निसरड्या ठोकळ्यांवर उतरू नका.

पहाटेसाठी दादर पश्चिमेचा फुलबाजार, स्टेशनला लागूनच. पाच ते सातमध्ये गर्दी आणि रंग दोन्ही भरात असतात. इथे हमखास फसणारी गोष्ट म्हणजे झेंडू: दिव्याखाली केशरी ढीग एकसपाट डाग होऊन येतो, कारण लाल रंग कॅमेऱ्याच्या मर्यादेबाहेर सर्वांत आधी जातो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) उणे ०.७ वर ठेवा, पाकळ्या सुट्या दिसतील. वाटेत उभे राहू नका, डोक्यावर पाटी घेतलेला माणूस थांबू शकत नाही. विक्रेत्यांना आधी विचारा. "दादा, एक फोटो घेऊ का?" एवढं पुरतं, आणि नाही म्हटलं की पुढे चला.

वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाला सकाळी वारा सुटायच्या आत जा, पाण्यात मंदिरांचं प्रतिबिंब तेव्हाच स्थिर मिळतं. पायऱ्यांवर खाली पाण्याजवळ बसलात की प्रतिबिंब पूर्ण येतं, वरून ते तुटतं. तिथे अंत्यविधीनंतरची क्रियाकर्मं चालतात. त्या कुटुंबांकडे कॅमेरा वळवू नका.

सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रेल्वे स्थानकासाठी रात्र चांगली. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत महापालिका मुख्यालयासमोरच्या पदपथावरून छान दिसते. कॅमेरा रेलिंगवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा, शटर चार ते आठ सेकंद उघडं ठेवा. बेस्टच्या बसगाड्यांचे दिवे रेघा होऊन येतात. ट्रायपॉड गर्दीच्या आणि पहाऱ्याच्या ठिकाणी बऱ्याचदा काढायला लावतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर बेत आखू नका. ड्रोन घरीच ठेवा. कुलाब्याच्या बाजूला नौदलाची हद्द आहे, तिकडे कॅमेरा रोखायचा नाही.

या जागांच्या पलीकडचं शोधायचं असेल तर दक्षिण मुंबईतल्या फोर्ट भागात रविवारी सकाळी सात ते नऊ चाला, ऑफिसं बंद असतात आणि दर्शनी भाग गाड्यांशिवाय मिळतात. पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच असू द्या. प्रत्येक कोपऱ्यावर वळून मागे बघा. आवडलेल्या जागी ऊन नसेल तर चहावाल्याला किंवा वॉचमनला विचारा, "इथं ऊन कधी येतं?" रोज तिथेच बसणाऱ्या माणसाला ते नेमकं ठाऊक असतं. परतताना मात्र मेगाब्लॉकचं (रुळांच्या कामासाठी लोकल बंद किंवा कमी ठेवण्याचं) वेळापत्रक बघा, रविवारी दुपारी लोकलचा भरवसा नसतो.

एसी खोलीतून निघाल्यावर लेन्सवर बाष्प धरतं. कॅमेरा बंद बॅगेत ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला सरावू द्या. समुद्रावरून आल्यावर काच कोरड्या कापडाने पुसायची नाही, मिठाचे कण चरे पाडतात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेला मऊ रुमाल फिरवा, मग कोरडा.