देगाच्या नर्तकींचा कॅनव्हास प्रिंट मागवताय? या चुका टाळा

पार्सल उघडलं आणि आधी झारी शोधली. नव्हती! फ्रेंच चित्रकार एदगार देगाच्या ‘नृत्यवर्ग’ या चित्रात डाव्या कोपऱ्यात खाली, जमिनीवर एक झारी ठेवलेली आहे. नाचताना धूळ उडू नये म्हणून लाकडी जमिनीवर पाणी शिंपडायची. माझ्या प्रिंटमध्ये ती चौकटीवर दुमडली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.

ही चूक सगळ्यात जास्त होते. कॅनव्हास चौकटीवर ताणताना चारही बाजूंनी साधारण दीड इंच आत जातो. निसर्गचित्राचं त्याने फारसं बिघडत नाही, पण देगाची गंमतच कडेला असते: अर्ध्यात कापलेली नर्तकी, कोपऱ्यातली वस्तू. म्हणून ऑर्डर देतानाच ‘मिरर एज’ मागा, म्हणजे कडांवर चित्राचं प्रतिबिंब छापतात आणि मूळ चित्र पूर्ण समोर राहतं.

दुसरी गोची मापाची. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं हे चित्र ८५ × ७५ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास चौरस. १८ इंच रुंदी घेतली तर उंची साधारण साडेवीस इंच हवी. दुकानाचं तयार माप १८ × २४. मग एकतर बाजू कापल्या जातात, नाहीतर मुली उगाच उंच होतात.

नावावर जाऊ नका. याच विषयाचं आणि साधारण याच मापाचं दुसरं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. काठी टेकून उभे असलेले नृत्यगुरू ज्यूल पेरो दोन्हींत आहेत, पण भिंतीवर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराचं पोस्टर दिसलं की ते न्यूयॉर्कचं. त्याची मोठी फाइल संग्रहालयाच्या साइटवर फुकट मिळते. गुगलवरून उचललेली छापू नका. २४ इंचांसाठी त्या बाजूला निदान ३६०० पिक्सेल लागतात.

देगाचंच ‘लेत्वाल’, म्हणजे एकट्या तारका-नर्तकीचं चित्र, मी तरी कॅनव्हासवर घेणार नाही. मुळात ते कागदावरचं पेस्टल, म्हणजे रंगीत खडूंचं काम आहे. कॅनव्हासच्या विणीत खडूची भुकटी हरवते, वरून चकचकीत वॉर्निश मारलं की नर्तकीला तेल चोपडल्यासारखं दिसतं. जाड मॅट कागदावर छापा आणि काचेखाली लावा.

आलेला प्रिंट पावसाळ्यात सैल पडून पोटासारखा फुगला, तर मागून पाणी मारून तो ताणायचा जुना उपाय करू नका. इंकजेटची शाई फुटू शकते. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत पाचरी आहेत का बघा. कॅनव्हास आणि लाकूड यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवा, मग प्रत्येक पाचरीवर हातोडीची हलकी टिचकी, चारही कोपऱ्यांत थोडी थोडी. पाचरी नसतील तर फ्रेमवाल्याकडून पुन्हा ताणून घ्यावा लागेल. आमच्याकडे तेच झालं, आणि त्याच फेरीत झारीही पुढे आणून घेतली.