मिक्सरचा वायसर आणि दोन ओटीपी

मिक्सरच्या भांड्याचा वायसर सैल झाला आणि चटणी वाटली की ओट्यावर रांगोळी. नाशिकच्या मेन रोडपासून दहीपुलापर्यंत चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, "काकू, आता नवीनच घ्या ना मिक्सर!" शेवटी मुलीने मोबाइलवर खरेदीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला आणि ऑर्डर दिली. चौथ्या दिवशी वायसर सिडकोत दारात हजर, 150 रुपयांना दोन. गुडघे दुखणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

भिशीतल्या बायका म्हणतात, वस्तू न बघता पैसे कसे द्यायचे? मग देऊ नका. पहिली ऑर्डर दोनशेच्या आतली करा आणि कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे पार्सल दारात आल्यावर पैसे, निवडा. मात्र तेव्हाही बहुतेक वेळा पैसे आधी आणि खोका फोडायचा नंतर, म्हणून वस्तू परत किती दिवसांत घेतात ते मागवायच्या आधीच वाचायचं. साइटवर पाच चांदण्या (स्टार) देणाऱ्यांची कौतुकं सोडा, दोन-तीन चांदण्या देणाऱ्यांचं रडगाणं वाचा, त्यांनी टाकलेले फोटो बघा. विकणाऱ्याचं नाव आणि माल कुठल्या देशात बनला हे साइटवर दिसलंच पाहिजे. 2020 पासून तसा नियमच आहे. खोका फोडताना व्हिडिओ काढा. माझी एक बरणी फुटकी निघाली, तेव्हा व्हिडिओ दाखवला आणि पैसे परत मिळाले.

साडी मात्र मी अजूनही दुकानातूनच घेते. पोत हाताला लागल्याशिवाय जीव लागत नाही.

खरी भीती वस्तूची नाही, फोनची बाळगा. आमच्या ह्यांना मेसेज आला: पत्ता अपूर्ण आहे, पार्सल अडकलंय, लिंकवर 5 रुपये भरा. मागवलेलं काहीच नव्हतं, तरी बोट लिंकवर! मी फोन हिसकावला म्हणून निभावलं.

ओटीपी म्हणजे मेसेजमध्ये येणारा, एकदाच चालणारा आकडा. तो दोन प्रकारचा असतो, इथेच बायका घाबरतात. पार्सलचा ओटीपी दारात आलेल्या मुलाला सांगायचा, तोही पार्सल हातात आल्यावर. बँकेचा ओटीपी पैसे भरताना आपणच टाकायचा, फोनवर कुणालाही सांगायचा नाही, अगदी "मी बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही नाही. म्हणून आधी मेसेज पूर्ण वाचायचा, आकडा नंतर. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. "रिफंड देतो, पिन टाका" म्हणाला की फोन ठेवा.

खरेदीसाठी मी वेगळं खातं ठेवलंय, त्यात दोन-तीन हजारांवर पैसे कधी ठेवत नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा आणि बँकेलाही कळवा. विकणारा दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

दुसरा वायसर शेजारच्या वहिनींना दिला, त्यांचंही तेच जुनं मॉडेल निघालं. 75 रुपये अजून यायचेत.