लष्करी वारसा जपणाऱ्यांसाठी पुरस्कार कसा सुरू करावा

महाराष्ट्रात अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर आकडे असतात, नावं नसतात. ती नावं शोधत फिरणारा एखादा निवृत्त शिक्षक, वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांची, नोंद करणारी एखादी मुलगी, १९७१ च्या लढाईतल्या जवानांच्या आठवणी मोबाइलवर टिपणारा एखादा तरुण, असे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांचं कौतुक व्हावं असं माजी सैनिक संघटनेला किंवा वाचनालयाला मनापासून वाटतं. मग हॉल ठरतो, शाल-श्रीफळ येतं आणि ऐनवेळी सत्कार होतो तो कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाचा. हे टाळायचं तर पुरस्काराची घडी आधीच नीट बसवावी लागते.

सुरुवात एका वाक्याने करा: हा पुरस्कार कुठल्या भूभागातल्या, कुठल्या काळातल्या, कुठल्या कामासाठी? ‘महाराष्ट्राचा लष्करी वारसा’ म्हटलं की सातवाहनांपासून कारगिलपर्यंत सगळं आत येतं आणि परीक्षकांच्या हाती काहीच लागत नाही. तालुका किंवा जिल्हा ही मर्यादा उत्तम. माणगाव तालुक्याचंच बघा. पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. तिकडे मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांचं स्मारकही उभं राहिलं. एवढा धागा एका तालुक्याला पुरेसा आहे. पुरस्काराला कुणा जवानाचं नाव द्यायचं असेल तर त्याच्या घरच्यांची लेखी संमती आधी घ्या. पत्रिका छापल्यावर जाऊन विचारणं बरं दिसत नाही.

पुढचा प्रश्न विभागांचा. अमेरिकेतलं मरीन कोअर हेरिटेज फाउंडेशन कादंबरी, कविता, इतिहासग्रंथ यांना वेगवेगळे पुरस्कार देतं. ब्रिटनमधल्या ‘सोसायटी फॉर आर्मी हिस्टॉरिकल रिसर्च’चं टेम्पलर पदक मात्र ब्रिटिश सैन्याच्या इतिहासावरच्या पुस्तकासाठीच आहे. आपल्याला दोन विभाग पुरे: निर्मिती आणि सेवा. पोवाडा आणि गडावरचं साफ केलेलं पाण्याचं टाकं एकाच गुणपत्रिकेवर तोलता येत नाही. निर्मितीचा विभाग दरवर्षी बदलता ठेवा, एक वर्ष ग्रंथ, पुढच्या वर्षी माहितीपट, मग चित्र-छायाचित्र. दहा विभाग काढले की अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी द्यावं लागतं, आणि तसला पुरस्कार कुणी भिंतीवर लावत नाही.

आता नियमावली. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण चुकीच्या कामाला पुरस्कार मिळाला की पुढच्या वर्षी तेच काम दहा ठिकाणी होतं. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. गडसंवर्धनाचा उत्साह आधीच होता, तो आता आणखी वाढला आहे. या उत्साहात काय काय होतं ते गडावर जाणाऱ्यांना ठाऊक आहे. चुन्यात बांधलेल्या तटाच्या सांध्यांत सिमेंट भरलं जातं. ते ओल आत कोंडून ठेवतं आणि काही पावसाळ्यांत शेजारचा दगडच सुटायला लागतो. वीरगळावर ऑइलपेंट फासला जातो. खालच्या पट्टीतली लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वरची शिवपूजा हे सगळं एका रंगाखाली बुजतं. कधी वीरगळ मूळ जागेवरून उचलून देवळाच्या आवारात ‘सुरक्षित’ ठेवतात, आणि तो कुठल्या शिवारात, कुठल्या वाटेवर उभा होता ही अर्धी माहिती तिथेच संपते. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. खाडीजवळच्या त्या गावात ती शिल्पं काय सांगतात, ते दूरच्या संग्रहालयात तितकं कळलं नसतं.

टाक्यातला गाळ उपसणं ही तर सेवा म्हणूनच मिरवली जाते. पण त्या गाळात खापरं, नाणी, तोफगोळे असतात आणि कुठल्या थरात काय होतं यावरच त्यांचा काळ ठरतो. म्हणून नियमात स्पष्ट लिहा: संरक्षित स्मारकावर काम झालं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्य पुरातत्त्व विभाग, ज्याच्या ताब्यात ते असेल त्याचं परवानगीपत्र जोडल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा यासाठीच आहेत. गड वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांचंही पत्र हवं. संग्राहकांच्या बाबतीत १९७२ चा पुराणवस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांसारख्या काही वस्तूंची नोंदणी बंधनकारक आहे. प्रमाणपत्र दाखवायला जो कांकूं करतो, त्याचं दालन कितीही देखणं असो, त्याला बाजूला ठेवा.

मुलाखती आणि आठवणींचे प्रकल्प आले तर बोलणाऱ्याचं संमतिपत्र मागा. सेवेतला जवान असेल तर त्याच्या वरिष्ठांची परवानगी लागते. हे काम फार थांबण्यासारखंही नाही. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे.

अर्जाचा नमुना एका पानाचा ठेवा आणि विशेषणांना जागाच देऊ नका. काम कोणतं, कधीपासून, कुठे, पैसा कुठून आला, आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि ‘हे तपासायचं तर कुठे जावं’ हा रकाना. पहिल्या महायुद्धातल्या नावांचं काम असेल तर पदकाच्या कडेचा फोटो मागा. ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या मोफत यादीशी ही माहिती जुळवता येते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या मराठा शिपायांसाठी तर हाच रस्ता आहे. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या आहे. ज्याने अशी पाच नावं पुराव्यासह घरी पोचवली, त्याचं काम पाचशे पानांच्या शौर्यवर्णनापेक्षा मला मोठं वाटतं.

परीक्षक तीन पुरेत, पाच जास्तीत जास्त: एक निवृत्त सैन्याधिकारी, एक इतिहास किंवा पुरातत्त्वाचा अभ्यासक आणि एक लेखक किंवा संपादक. देणगीदार नको. अर्जदाराशी नातं असेल तर त्या फेरीत परीक्षकाने बाहेर बसावं, हेही लिहून ठेवा. सैनिकी माहितीची खातरजमा करताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय उपयोगी पडतं. सेवा विभागात जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय निकाल लावू नका, आणि वेळापत्रक त्याच बेताने आखा. जून ते ऑगस्ट अर्ज, सप्टेंबर-ऑक्टोबर छाननी, गवत वाळून वाटा मोकळ्या झाल्या की नोव्हेंबर-डिसेंबरात गडभेटी, आणि १५ जानेवारीला, सेना दिनी, समारंभ. भर पावसात परीक्षकांना निसरड्या वाटेवर पाठवायचं काही कारण नाही.

पैशाचं गणित साधं आहे. वर्गणीवर चालणारे पुरस्कार अनेकदा लवकरच बंद पडतात. त्यापेक्षा ठेव करा. पाच लाखांवर सात टक्के व्याज मिळालं तर वर्षाला पस्तीस हजार हाती येतात. त्यातले पंचवीस हजार पुरस्काराचे, उरलेले प्रवासाचे आणि चहाचे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, म्हणजे हिशेब दरवर्षी तपासला जातो. नोंदणी नसेल तर गावातल्या जुन्या वाचनालयाच्या नावाने ठेव ठेवता येईल का ते विचारा. सन्मानचिन्हावर भारताची राजमुद्रा, म्हणजे सिंहांचं सरकारी चिन्ह, छापू नका, तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधन आहे. रेजिमेंटचं बोधचिन्हही परवानगीशिवाय नको.

समारंभात पुरस्कारविजेत्याला वीस मिनिटं द्या, पाहुण्यांना दहा. हे उलटं होऊ न देणं ही आयोजकांची खरी परीक्षा.

नियमावलीत आणखी दोन कलमं हवीत. पहिलं, योग्य काम आलं नाही तर त्या वर्षी पुरस्कार दिला जाणार नाही आणि रक्कम ठेवीत जमा होईल. दुसरं, विजेत्याने कामाची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात आणि एक संबंधित गावाच्या शाळेत द्यावी, नावांची यादी असेल तर ग्रामपंचायतीतही. पुरस्काराची अर्धी रक्कम या पोचपावत्या आल्यावरच द्या.