‘नवमाध्यम’ हा शब्द लिहिण्यापूर्वी

पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने प्रकल्पात ‘नवमाध्यम’ हा शब्द वापरताना प्रथम समासात त्याच्या शेजारी तो ज्या काळाबद्दल आहे ते वर्ष लिहावे, कारण ‘नव’ कशाला म्हणायचे हे काळानुसार बदलते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, आणि त्यानंतरची काही वर्षे वृत्तपत्राचे संकेतस्थळ असणे एवढ्यावरच ते नवमाध्यम ठरत असे. मग मराठी मजकूर वाचण्यासाठी त्या संकेतस्थळाचा स्वतंत्र फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागो, आणि तो नसल्यास पडद्यावर बातमीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग उमटो. माध्यम-अभ्यासक लेव्ह मॅनोविच यांनी २००१ मध्ये मांडलेली नवमाध्यमांची लक्षणे आजही उद्धृत केली जातात. ती यूट्यूब (२००५) आणि व्हॉट्सअ‍ॅप (२००९) यांच्या आधीची आहेत, ही नोंद मात्र बहुतेक प्रकल्पांत नसते.

वर्ष ठरल्यावर उपकरणाचा विचार बाजूला ठेवून मजकुराचा क्रम कोणी लावला हे तपासावे. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वृत्तपत्राची पीडीएफ येते, तेव्हा पहिल्या पानावर काय असावे, कोणत्या बातमीला किती स्तंभ द्यावेत आणि निधनवार्ता कुठे जाव्यात, हे सर्व संपादकीय विभागाने रात्रीच ठरवलेले असते. गटातील प्रत्येकाला तेच पान दिसते. म्हणजे वितरण नवे, माध्यम जुनेच. त्याच दैनिकातील एखादी बातमी फेसबुकवर समोर येते, तेव्हा तिच्या वर आणि खाली काय असावे हे वाचकाच्या आधीच्या वर्तनावरून गणनविधी (अल्गोरिदम) ठरवतो, त्यामुळे एकाच घरातील दोघांनाही सारखे पान मिळत नाही. शक्य असल्यास दोन मोबाइल शेजारी ठेवून हा फरक प्रत्यक्ष पाहावा आणि दोन्ही पडद्यांवरील पहिल्या दहा नोंदी वहीत उतरवाव्यात.

वाचकाला उत्तर देता येते का, हा प्रश्नही विचारावा, परंतु त्यावर फार विसंबू नये. वाचकांचा पत्रव्यवहार छापील दैनिकांतही चालतच आला आहे.

कायद्यातील व्याख्या स्वतंत्रपणे पाहावी. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनी ऑनलाइन वृत्तप्रकाशकांसाठी आचारसंहिता घालून दिली, मात्र ‘प्रकाशक’ या संज्ञेतून वृत्तपत्रे आणि त्यांच्या हुबेहूब ई-आवृत्त्या वगळल्या. सोसायटीच्या गटावरील ती पीडीएफ कोणत्या बाजूला पडते, हे यावरून सहज कळेल.

एवढे झाल्यावर आपला मसुदा पुन्हा वाचावा आणि जिथे ‘नवमाध्यम’ऐवजी ‘ई-पेपर’, ‘वृत्तसंकेतस्थळ’ किंवा ‘रील’ असा नेमका शब्द बसतो, तिथे तो घालावा. बहुतेक ठिकाणी तो बसतो.