इंजिन कोड वाचताना या चुका टाळा (आणि माझं डोकं वाचवा)

पार्टच्या काउंटरवर एकच डायलॉग ऐकून कान किटले आहेत. "स्विफ्टचं द्या, बाराशेवालं." अरे बाबा, कुठलं बाराशेवालं? आपल्याकडच्या स्विफ्टमध्ये ११९७ सीसीची तीन वेगवेगळी पेट्रोल इंजिनं येऊन गेली, त्यांचे कोड (म्हणजे कंपनीने त्या जातीच्या इंजिनाला दिलेलं नाव): आधी के१२एम, २०२१ पासून के१२एन आणि २०२४ च्या नव्या मॉडेलमध्ये झेड१२ई. पहिल्या दोघांना चार सिलिंडर आणि ७३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), तिसऱ्याला तीनच सिलिंडर, बोअर ७४, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) चांगला लांब ९२.८. सीसी मात्र तिघांचंही ११९७, आणि मजा म्हणजे ह्युंदाईचं कप्पा १.२ पण ११९७ आणि टोयोटा लिव्हाचं ३एनआर-एफई पण ११९७! हा काही योगायोग नाही, २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर एक्साइज २४ वरून १६ टक्के केली, मग काय, जो तो १२०० च्या उंबरठ्याशी येऊन थांबला. त्यामुळे सीसी सांगून पार्ट मागणं म्हणजे पुण्यात "कुलकर्णींचं घर कुठंय" विचारण्यासारखं आहे.

आता मोठी चूक, जी बघून बघून मी थकलोय: आरसीवरचा इंजिन नंबर अर्धवट वाचणं. कराडकडचा एक पोरगा, गाडी २०१५ ची स्विफ्ट, ऑइल पीत होती. गावातल्या मेकॅनिकने हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवून ठेवलं आणि पार्ट मागवायची जबाबदारी या साहेबांनी घेतली. आरसीवर नंबर होता के१२एमएन आणि पुढे आकडे. यात कोड के१२एम एवढाच, त्यानंतरचा एन हा नंबरचा भाग. याने काय केलं, तर के१२ बघितलं, एन बघितला, मधला एम गिळला आणि के१२एनचे पिस्टन आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) ऑनलाइन मागवून मोकळा. माझ्याकडे आला तेव्हा खोका फोडलेला, हातात व्हर्नियर (मापायची पट्टी), आणि तोंडावर एकदम कॉन्फिडन्स, "दादा बोअर तर मॅच होतोय, ७३ आहे, बसतील ना?" बसतील रे, बोअर सारखाच आहे म्हणून बसतील, पण के१२एनचं कॉम्प्रेशन (पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते) १२ ला १, तुझ्या इंजिनाचं त्याहून कमी, पिस्टन त्या हेडसाठी बनवलाय. बरं इंजेक्टर बघून तरी शंका यायला हवी होती की नाही? के१२एन ड्युअलजेट आहे, सिलिंडरला दोन इंजेक्टर, म्हणजे खोक्यात आठ. याच्या मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) इंजेक्टरच्या जागा चार. मी विचारलं, उरलेल्या चारांचं काय करणार? म्हणाला, "मला वाटलं स्पेअर दिलेत."

खोका फोडला म्हणून विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, आणि गाडी अख्खा पावसाळा जॅकस्टँडवर, हेडवर ताडपत्री टाकून. त्यात मेकॅनिकची चूक शून्य, तो बिचारा सांगत होता की दुकानातून घेऊ. पण नाही, चारशे रुपये वाचवायचे होते ना.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. आरसीवर विश्वास ठेवायचा पण शेवटचा शब्द ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचा. चिंधीवर थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन ब्लॉकवरचा ठोकलेला नंबर साफ पुसायचा, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची, आरटीओचे एजंट चेसिसची प्रिंट काढतात तसंच. अक्षरं कागदावर पांढरी उमटतात, फोटोत जो एम एनसारखा दिसतो तो कागदावर फसवत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. सेकंडहँड गाडी असेल तर हे केलंच पाहिजे, कारण इंजिन बदलून आरसीवर नोंदच न केलेल्या गाड्या रस्त्यावर ढिगाने आहेत.

दुसरी चूक, आणि ही शिकलेली माणसं जास्त करतात: एका कंपनीचा नियम दुसरीला लावणं. टोयोटाच्या कोडमधला पहिला आकडा बघून लोक म्हणतात २ म्हणजे मोठं. तसं नाही! जुन्या इनोव्हाचं २केडी-एफटीव्ही २४९४ सीसीचं आणि जुन्या फॉर्च्युनरचं १केडी-एफटीव्ही २९८२ चं. क्रिस्टाचं २जीडी २३९३, १जीडी २७५५. पहिला आकडा म्हणजे त्या घराण्यातला कितवा, एवढंच, लिटरचा किंवा सिलिंडरचा त्याच्याशी संबंध नाही. डॅशनंतरची अक्षरं खरी कामाची, टी म्हणजे टर्बो, आणि पेट्रोलमध्ये ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन.

आता हेच डोक्यात ठेवून ह्युंदाईकडे गेलात की फसलात. तिथे जी४एलए मधला जी पेट्रोलचा आणि ४ खरंच सिलिंडरचा, डिझेल असेल तर डी, म्हणून तीन सिलिंडरचं ११२० सीसी डिझेल डी३एफए. आणि बीएमडब्ल्यूमध्ये परत तिसरंच, बी४८ ला चार सिलिंडर म्हणून बी५८ ला पाच धरून चालाल तर त्यात निघतात सहा. निस्सान त्यातल्या त्यात सरळ: एचआर१२डीई मध्ये १२ म्हणजे १.२ लिटर, डी म्हणजे डबल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे), ई इंजेक्शनचा. आरबी२६डीईटीटी मध्ये दोन टी, कारण टर्बो दोन.

बाकीच्या पटापट:

डिकीवरच्या बॅजवरून लिटर ठरवू नका. मर्सिडीजच्या सी २२० डी मध्ये आधी ओएम६५१ होतं २१४३ सीसीचं, नंतर ओएम६५४ आलं १९५० चं, बॅज तोच.

"ईए२११ चा पार्ट द्या" म्हणू नका, ते फोक्सवॅगनचं अख्खं घराणं आहे, त्यात १.० पण येतं आणि १.५ पण.

रेनॉच्या डिझेलसाठी के९के एवढं सांगून फोन ठेवू नका. डस्टरचं ८५ पीएस (पीएस म्हणजे ताकदीचं माप) पण के९के आणि ११० पण के९के, पुढचे तीन आकडे लागतात.

चेसिस नंबरमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे तिथे गोल दिसला की शून्य. इंजिन नंबरला ही सूट नाही, तिथे डोळे फाडून बघा.

फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलबद्दल "सगळं सेम असतं हो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. सुझुकीने त्याला डी१३ए म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, सीसी सगळीकडे १२४८. पण स्विफ्टच्या ७५ पीएसला साधा टर्बो आणि अर्टिगा, एसएक्स४ च्या ९० पीएसला व्हेरिएबल (आतली पाती हलणारा), आणि दोघांचाही कोड डी१३ए! इथे कोड पण पुरत नाही, टर्बोवरची प्लेट वाचावी लागते आणि ती हमखास अशा बाजूला असते की आरसा धरावा लागतो.

आणि हो, टेम्पो ट्रॅव्हलरवाले. जुन्या ट्रॅव्हलरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम६१६ वरून आलेलं आहे, यात खोटं काही नाही, गर्व जरूर करा. पण गॅस्केट घ्यायला मर्सिडीजच्या शोरूममध्ये जाऊ नका, फोर्सच्या डीलरकडे जा.