स्वप्नातला रियाज: बसवलेला कायदा झोपेत कसा घोटायचा

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळतं आणि तरी जाग येत नाही, त्याला ल्युसिड ड्रीमिंग किंवा सजग स्वप्न म्हणतात. अशा स्वप्नात ठरवून काही करता येतं, म्हणजे सरावही करता येतो. इथे उदाहरण तबल्यावरच्या कायद्याचं, म्हणजे ठरावीक बोलांच्या (तबल्याच्या अक्षरांच्या) रचनेचं, घेतलं आहे. गोलंदाजीचा रन-अप, पेटीवरचा पलटा किंवा भरतनाट्यमचा अडवू यांनाही हीच पद्धत लागू पडते.

रेम झोपेत, म्हणजे डोळे भराभर हलतात आणि बरीचशी स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, मेंदू हालचालीचे हुकूम देत असतो, पण स्नायू शिथिल असल्यामुळे ते हातापायांपर्यंत पोचत नाहीत. डोळे मात्र हलतात. त्याचाच उपयोग करून 1975 मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून डोळ्यांच्या ठरलेल्या खुणा मिळवल्या. पुढे स्टीफन लाबर्ज यांनी स्टॅनफर्डला तेच सिद्ध केलं. 2011 मध्ये म्युनिकच्या संशोधकांना स्कॅनमध्ये दिसलं, की स्वप्नात मूठ आवळली तरी मेंदूतला हालचालींचा भाग जागेपणासारखाच कामाला लागतो, फक्त जोर कमी असतो. 2016 च्या एका प्रयोगात बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायच्या होत्या. प्रत्यक्ष सराव, जागेपणी मनातल्या मनात केलेला सराव आणि सजग स्वप्नातला सराव, तिन्ही गटांचे हात सुधारले. याचा अर्थ असाही होतो, की डोळे मिटून मनात केलेला रियाज कमी प्रतीचा नाही. झोपेची ओढाताण होत असेल तर तोच करा.

कोणता धडा निवडायचा

हातात अर्धामुर्धा बसलेला. नवा बोल स्वप्नात शिकता येत नाही, कारण चुकलं तर सांगायला तिथे गुरुजी नसतात आणि चुकीचा निकास (बोल वाजवण्याची पद्धत) तसाच पक्का होतो. दिल्ली बाजाचा (तबलावादनाच्या दिल्ली शैलीचा) हा कायदा घ्या:

धा धा ति ट | धा धा तू ना | ता ता ति ट | धा धा धी ना

एका मात्रेला एक अक्षर धरलं की तीनतालाच्या 16 मात्रा भरतात. यात हात दोन जागी दगा देतो. एक, 'तिट'वर मधलं बोट आणि तर्जनी सारख्या वजनाने पडत नाहीत आणि लय पळते. दोन, खालीच्या (तालाच्या रिकाम्या भागातल्या) 'ता ता'वर डग्गा (डाव्या हाताचं वाद्य) गप्प राहायला हवा, तो घुमत राहतो. स्वप्नासाठी यातली एकच गोष्ट उचला. संध्याकाळी 80 च्या लयीत (मिनिटाला 80 मात्रा) 16 आवर्तनं वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्या जागी किती वेळा चुकलं ते वहीत लिहा. हा आकडा नसेल, तर स्वप्नाने फरक पडला की नुसतं तसं वाटलं, हे कधीच कळणार नाही.

पहिले दोन-तीन आठवडे

उशाशी वही-पेन ठेवा. जाग आली की कूस न बदलता, डोळे मिटूनच स्वप्न उलट्या क्रमाने आठवा आणि मग चार शब्द खरडा. हालचाल केली की स्वप्न निसटतं. रोज निदान एक स्वप्न आठवू लागेपर्यंत पुढे जाऊ नका. सजग स्वप्न पडूनही सकाळी आठवलं नाही, तर फुकट.

आपण स्वप्नात तर नाही ना, याची दिवसा आठ-दहा वेळा खातरजमा करा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घ्यायचा प्रयत्न करा. स्वप्नात श्वास आत जातो. किंवा पाटीवरचा मजकूर वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात तो बहुधा बदललेला असतो. तबल्यासमोर बसताना दर वेळी हे करा, कारण रोज जे करता ते स्वप्नात उतरण्याची शक्यता जास्त. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: नाक दाबायचं म्हणून दाबलं जातं. मग स्वप्नातही माणूस तसंच यांत्रिकपणे नाक दाबतो आणि पुढे निघून जातो. 'मी इथे कसा आलो? मघाशी कुठे होतो?' हा प्रश्न खरोखर पडला पाहिजे.

प्रयत्नाची रात्र

रेम झोपेचे मोठे टप्पे पहाटेकडे येतात, म्हणून रात्री पडल्या पडल्या केलेला प्रयत्न सहसा वाया जातो. 11 ला झोपलात तर साधारण 4 ते 4:30 चा गजर लावा. उठून 15 ते 20 मिनिटं जागे राहा. दिवा मंद ठेवा आणि मोबाइल उघडू नका. पाणी प्या, वहीतला बोल दोनदा पढंत करून (तोंडाने म्हणून) घ्या, मांडीवर बोटं हळू फिरवा.

मग आडवे व्हा. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा आणि त्यात एका विचित्र जागी तुम्हाला 'हे स्वप्न आहे' असं कळलं, अशी कल्पना करा. लगेच तबल्यावर बसून 'धा धा तिट' सुरू केलंत, इथपर्यंत चित्र न्या. मनात म्हणा, 'पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल.' हे लाबर्ज यांचं तंत्र आहे. ते केल्यावर पाच-दहा मिनिटांत झोप लागली तर यशाची शक्यता चांगली वाढते. तासभर टक्क जागे राहत असाल, तर मधली जाग 5 ते 10 मिनिटांवर आणा. उलट डोकं टेकताच घोरत असाल, तर 30 मिनिटं बसा.

स्वप्नात काय करायचं

कळल्याचा आनंद आवरा. बहुतेकांची पहिली सजग स्वप्नं उत्साहानेच मोडतात. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळा, जमिनीला हात लावा, जवळची एखादी वस्तू निरखा. दृश्य फिकं पडू लागलं तर जागच्या जागी गिरकी घ्या.

तबला समोर हवेतून काढायचा प्रयत्न करू नका, तो बहुधा येत नाही. 'मागे वळलो की जोडी ठेवलेली असेल' असं धरून वळा. नाहीच मिळाली तर जमिनीवर किंवा मांडीवर वाजवा. घोटायचाय तो बोटांचा क्रम. तबल्याची शाई (मधला काळा भाग) कणकेसारखी मऊ लागेल, 'ना' घुमणार नाही, कधी डग्ग्याच्या जागी पातेलं असेल. दुरुस्त करत बसू नका. 2017 मध्ये डार्ट फेकण्याचा असाच प्रयोग झाला. स्वप्नात ज्यांचं लक्ष फारसं विचलित झालं नाही तेच सुधारले, बाकीच्यांना फायदा झाला नाही.

तोंडाने बोल म्हणत विलंबित लयीत चार-पाच आवर्तनं वाजवा आणि लक्ष ठरवलेल्या एकाच जागी ठेवा. 'ता ता' आला की डावा हात डग्ग्यावर नुसता टेकलेला जाणवू द्या. दुगुन-चौगुनच्या (दुप्पट-चौपट लयीच्या) मोहात पडू नका. स्वप्नात बोटं वाऱ्यासारखी पळाल्याचा भास होतो आणि तो वेग सकाळी हातात नसतो. तिथल्या लयीवर भरवसाही ठेवता येत नाही: स्वप्नातली आकडेमोजणी जागेपणाइतकाच वेळ घेते, पण उठाबशांना जास्त वेळ लागतो, असं प्रयोगांत आढळलं आहे. वेळ काही मिनिटांचाच असतो, म्हणून आधी काम, उडणं-बिडणं नंतर.

जाग आल्यावर

आधी नाक दाबून बघा. 'उठलो, वहीत लिहिलं' हेही स्वप्नच निघतं, असं पुष्कळदा होतं. खरंच उठला असाल तर किती आवर्तनं झाली आणि कुठे अडलं ते लिहा. पहाटे शेजारी झोपलेले असतात, तेव्हा तोच बोल उशीवर वाजवा. उजाडल्यावर तबल्यावर 80 च्या लयीत पुन्हा 16 आवर्तनं रेकॉर्ड करा आणि चुका मोजा. सजग स्वप्न न पडलेल्या दिवसांचेही आकडे ठेवा, कारण नुसत्या चांगल्या झोपेनेही आदल्या दिवशीचा बोल सुधारतो.

झोप मोडणारा हा प्रकार आठवड्यातून दोनपेक्षा जास्त रात्री नको, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा, बैठक किंवा लांबचं ड्रायव्हिंग असेल तर मुळीच नको. कधी डोळे उघडतात पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. रेम झोपेतला शिथिलपणा जरा लांबल्याने हे होतं. श्वास सावकाश घेत राहा, थोड्या वेळात सुटतं. ज्यांना भास होण्याचा किंवा सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याच्या मानसिक आजाराचा) त्रास आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) किंवा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सजग स्वप्नांसाठी म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या गॅलँटामिनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. ते स्मृतिभ्रंशावरचं औषध आहे आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

महिनाभरात एकही सजग स्वप्न पडलं नाही, तर गजर बंद करा आणि पूर्ण झोप घ्या. वही आणि दिवसाची खातरजमा तेवढी चालू ठेवा, आणि दुपारी दहा मिनिटं डोळे मिटून तोच कायदा मनात वाजवा.